सुरकुत्यांचे मूळ कुठे?

म्हैसूरला गेलेली गृहिणी चंदनाचा साबण घेतल्याशिवाय सहसा परतत नाही. तिथे १९१६ साली चंदनतेलाचा कारखाना सुरू झाला आणि चंदन व नितळ कांती यांचे नाते पक्के झाले. पण साबण त्वचेचा वरचा थर स्वच्छ करतो. सुरकुत्यांचे मूळ त्याखाली असते.

त्वचेच्या आतल्या थरातील फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेन हे प्रथिन बनवतात. खाटेला जशी सुंभाची वीण, तसे त्वचेला कोलॅजेनचे धागे. विशीनंतर ते दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटते. पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत तर सुमारे ३० टक्के घट होते.

वय कुणाला चुकले आहे? पण सगळा दोष वयाचा नाही. हाताची बाहेरची बाजू आणि दंडाची आतली बाजू ताडून पाहा. वय एकच, त्वचा मात्र वेगळी! हा फरक प्रामुख्याने उन्हाचा. अतिनील किरणांमुळे कोलॅजेन तोडणारी विकरे वाढतात. म्हैसूर सुमारे ७७० मीटर उंचीवर असल्याने हवा सुखद वाटते, पण ऊन सौम्य नसते.

कोलॅजेनयुक्त महागड्या क्रीमने ही झीज भरून निघत नाही. त्याचा रेणू त्वचेत शिरण्याइतका लहान नसतो. त्यापेक्षा भर दुपारी छत्री, सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्या बऱ्या. शरीराला कोलॅजेन बनवताना ‘क’ जीवनसत्त्व लागते, म्हणून आहारात आवळा, पेरू असू द्या. धूम्रपान टाळा. चंदनाचा साबण सुगंधासाठी जरूर वापरा. त्वचा जपायची ती उन्हापासून.