घर घेताना पाण्याची रेघ विचारा

शिरोळ तालुक्यातून कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्या वाहतात. हे वाक्य मी वर्गात मुलांकडून किती वेळा म्हणून घेतलं असेल! तरीही वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिलं स्वतःचं घर घेताना मी विकणाऱ्याला पाण्याबद्दल धड एक प्रश्न विचारला नाही. विचारला तो अर्धवट. "पूर आला होता का इथं?" ते म्हणाले, "अंगणापर्यंत." आणि मी तेवढ्यावर खूश झाले, कारण मला तेच ऐकायचं होतं.

बी.एड. झाल्यापासून भाड्याच्या घरात राहिले. व्याजाचं कर्ज नको म्हणून यांनी आणि मी वर्षानुवर्षं पैसे साठवले. भावाने आणि नणंदेने कर्जे-हसना दिलं तेव्हा कुठे व्यवहार जमला. वकिलाने तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला. घरावर बोजा नाही, वारसांची भानगड नाही, सातबारा, मिळकतपत्रिका सगळं स्वच्छ. घर तर नवरीसारखं. आतून-बाहेरून ताजा फिकट पिस्ता रंग, दारांना चकचकीत ऑइलपेंट.

पहिल्या पावसाळ्यात त्या रंगाला फुगे आले. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तसे पोपडे पडायला लागले आणि आतून पिठासारखी पांढरी पावडर निघू लागली. लोणा. रोज सकाळी झाडायचं, संध्याकाळी परत तेवढीच. गवंड्याला बोलावलं. त्याने थापीच्या दांड्याने भिंत खालून वर ठोकत नेली. माझ्या खांद्यापर्यंत पोकळ आवाज, त्याच्या वर टणक. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "म्याडम, हे घर पाण्यात हुतं. रंग बघून घेतलासा व्हय?"

मग एकेक बाहेर पडत गेलं. वीट पाण्यात आठवडाभर बसली की मिठाचं पाणी पिते. वाळताना ते मीठ पृष्ठभागाकडे येतं. भिंतीला उघडं ठेवून एक-दोन उन्हाळे दिले तर बरंचसं निघूनही जातं. पण वर पुट्टी आणि ऑइलपेंट चढवला की ओल आतच कोंडते आणि गिलावा सोडवते. खालच्या स्विचबोर्डांच्या तारा हिरव्या पडल्या होत्या. मागच्या दाराची चौकट बोटाने दाबली तर भुसा. स्वयंपाकघरातली शहाबादी एका बाजूला दबली होती, कारण खाली आपली काळी जमीन. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि पाया उथळ असला तर घराला सोबत घेऊन हलते. फरशी उचलून मुरूम भरला, साडेचार फुटांपर्यंत गिलावा छिलून काढला, वायरिंग नवं केलं. सव्वातीन लाख गेले. नणंदेचे पैसे या वर्षी द्यायचे होते, ते राहिले. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागतं.

शेजारच्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "एकोणीसला बी आलतं, एकवीसला बी. आमास्नी वाटलं, तुमाला म्हाईत असंल. गावातच ऱ्हातासा की." खरं आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूरग्रस्तांच्या जेवणाच्या रांगा लावायला मी स्वतः होते. त्या रांगेत याच गल्लीतली माणसं होती.

आता माझं म्हणणं. पूर आला की आपण अलमट्टीवर बोलतो, धरणांच्या विसर्गावर बोलतो, आणि बोलायलाच हवं. पण पूर ओसरल्यावर भिंतीवर जी रेघ उरते तिच्यावर रंग कोण मारतं? कर्नाटक सरकार मारत नाही. आपण मारतो.

आम्हाला घर विकणारे गृहस्थ पाच वेळचे नमाजी. पैगंबरसाहेबांची (स.) बाजारातली हकीकत त्यांनी जुम्म्याच्या बयानात माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकली असेल. धान्याच्या ढिगात हात घातला तर बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजलं. तर ते म्हणाले, मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. फसवणारा आपल्यातला नव्हे, असंही त्यांनी बजावलं. माझ्या घरात ढीग विटांचा होता, एवढाच फरक. आणि नुसत्या दीनची गोष्ट नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 सांगतं की जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने दिसणार नाही, तो विकणाऱ्याने सांगायलाच हवा. पण सिद्ध कसं करायचं? "अंगणापर्यंत" हा शब्द खरेदीखतात नाही.

म्हणून तो शब्द खरेदीखतात यायला हवा. 2019 आणि 2021 मध्ये पूरग्रस्त घरांचे पंचनामे झाले, मदत वाटली गेली. म्हणजे कोणतं घर पाण्यात होतं हे सरकारी कागदावर आहे. जलसंपदा खात्याची निळी आणि लाल पूररेषाही आहे, पंचवीस आणि शंभर वर्षांच्या पुराची. हे कागद सर्च रिपोर्टसोबत मागायची सवय आपल्या वकिलांनी लावून घ्यावी, आणि पाणी किती फूट होतं हे एक वाक्य विकणाऱ्याच्या सहीनिशी लिहून घ्यावं. घराची किंमत उतरेल म्हणून ओरड होईल. उतरू दे. ती तेवढीच होती, बाकीचे पैसे रंगाचे होते. पण विकणाऱ्यालाही बघा, त्याचंही घर दोनदा बुडालं, त्यालाही मुलीचं लग्न, दवाखाना असेलच. ते पैसे फक्त माझ्या नणंदेने का भरायचे, एवढंच मी विचारते.

नवा गिलावा पुरा वाळल्यावर गवंड्याने विचारलं, रंग कुठला? मी चुन्याची सफेदी सांगितली, भिंतीला श्वास घेऊ दे म्हणून. मावशींना बोलावून 2019 चं पाणी कुठंवर होतं ते दाखवायला लावलं आणि तिथे, दारातून आत आल्यावर समोरच दिसेल अशी, काळ्या रंगाची वीतभर रेघ मारून घेतली. खाली साल लिहिलं. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "उद्या विकायचं झालं तर?" म्हणतात. रेघ अजून आहे. पाहुणे विचारतात, मग मी सांगते.