वेचक सत्य

इंग्रजीत ‘चेरी-पिकिंग’ असा एक शब्दप्रयोग आहे. झाडावरची पिकलेली, टपोरी फळे तेवढी खुडावयाची आणि त्या टोपलीवरून साऱ्या बागेची पारख करवून घ्यावयाची, ही त्यामागील कल्पना. वादविवादात आपल्या मताला सोयीचे पुरावे पुढे मांडून गैरसोयीचे जाणूनबुजून दडविणे, हा त्याचा प्रचलित अर्थ. आंब्याच्या पेटीत वरचा थर कसा रचतात, हे कोकणातून आलेल्या मंडळींस निराळे सांगावयास नको.

या अप्रामाणिकपणात खोटे असे काहीच बोलले जात नाही. म्हणूनच तो पकडणे कठीण. प्रत्येक वाक्य खरे असते, बेरीज मात्र खोटी निघते.

बहरीनचे उदाहरण घेऊ. तेथील मोत्यांचा व्यापार एके काळी मुंबईच्या बाजाराशी बांधलेला होता, आणि भारताचा रुपया तेथे कित्येक वर्षे चालत असे. इराक, इराण व हिंदुस्थानातून आलेल्या यहुदी कुटुंबांची मनामा शहरात छोटी वस्ती होती. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव संमत केला. त्यानंतर आठवडाही लोटला नाही तोच, ५ डिसेंबर रोजी, मनामातील यहुद्यांची घरे व दुकाने लुटली गेली, सिनेगॉग उद्ध्वस्त झाले, एका यहुदी स्त्रीचा मृत्यू झाला. त्याच वेळी कित्येक अरब कुटुंबांनी यहुदी शेजाऱ्यांना आपल्या घरात आसरा देऊन वाचविले. पुढे बहुतेक यहुदी देश सोडून गेले, मूठभर राहिले. त्यांच्यापैकीच हुदा नूनू या २००८ मध्ये अमेरिकेतील बहरीनच्या राजदूत झाल्या.

१५ सप्टेंबर २०२० रोजी इस्राएल व बहरीन यांनी मैत्रीचा जाहीरनामा केला, तेव्हापासून ही हकिकत पुन्हा सांगितली जाऊ लागली आहे. कोणी लूट तेवढी सांगतो आणि शेजाऱ्यांना वगळतो. कोणी आसरा व राजदूतपद सांगतो आणि देश रिकामा करून गेलेल्यांविषयी मौन पाळतो. दोघांच्याही टोपलीत अस्सल फळे आहेत. बाग मात्र दोघांनीही दाखविली नाही.

येथे एक शंका रास्त आहे. लिहिणाऱ्याला निवड करावीच लागते. मग प्रत्येक निवड अप्रामाणिक मानावी काय? आमच्या मते कसोटी सोपी आहे. वगळलेली गोष्ट सांगितली असती तर निष्कर्ष बदलला असता काय? बदलला असता आणि ते ठाऊक असूनही वगळली, तर तो दोष होय. म्हणूनच हा आरोप दुसऱ्यावर करणाऱ्याने नेमके काय दडविले गेले ते दाखवून द्यावे. निव्वळ मतभेद म्हणजे अप्रामाणिकपणा नव्हे.

हीच कसोटी आपल्या घरच्या इतिहासालाही लावावयास हवी. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या सूचनांमुळे बेने इस्राएलांच्या विवाहांत पिढ्यान्पिढ्यांची चौकशी होऊ लागली आणि १९६४ मध्ये आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये त्याविरुद्ध लढा दिला, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो, सांगितलेच पाहिजे. परंतु कोकणात व मुंबईत आपल्यातच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता आणि गोरे काळ्यांशी बेटीव्यवहार टाळीत, हे किती घरांतून सांगितले जाते? ते सांगितल्याने १९६४ चा लढा लहान होत नाही. कुळाची चौकशी माणसाला किती बोचते, हे मात्र मुलांना अधिक नीट कळते.

नातवंडे आता अनेक भाषांत वाचतात. वगळलेला भाग त्यांना कुठे ना कुठे सापडणारच. तो त्यांना प्रथम आपल्याच तोंडून कळावा, असे आम्हांस वाटते.