तिकीट माफ, मास्क मात्र पदरचा

२०२१च्या मे महिन्यात पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोविसेल्फ’ किटला आयसीएमआरची मंजुरी मिळाली आणि घरच्या घरी कोविडची चाचणी करण्याची सोय देशात पहिल्यांदा झाली. निकाल पंधरा मिनिटांत, किंमत २५० रुपये. त्याच आर्थिक वर्षात महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसभर माती उपसणाऱ्याला २४८ रुपये मजुरी मिळत होती. म्हणजे अख्खा दिवस राबूनही एका किटला दोन रुपये कमीच. नवरा-बायको आणि दोन पोरं लग्नासाठी गावी निघाली, तर घराबाहेर पाऊल टाकण्याआधीच चार दिवसांची मजुरी नाकात फिरवायच्या काडीवर खर्च व्हायची. काही आठवड्यांनी ॲबट कंपनीचं किट आलं, तेही ३२५ रुपयांचं.

यात कंपन्यांवर खापर फोडण्यात अर्थ नाही. साथीच्या पहिल्या महिन्यांत खासगी प्रयोगशाळेतल्या आरटी-पीसीआरला साडेचार हजार रुपयांपर्यंत आकारणी चालत होती. त्या मानानं अडीचशे म्हणजे स्वस्ताईच. शिवाय दर खाली आणायचे असं सरकारनं मनावर घेतलं की ते येतात, हेही या काळात दिसलं. महाराष्ट्रानं जून २०२०मध्ये रुग्णालयातून नमुना घेतल्यास २,२०० आणि घरी येऊन घेतल्यास २,८०० रुपयांची मर्यादा घातली. मार्च २०२१च्या अखेरीस सर्वांत कमी दर ५०० रुपयांवर आला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात ३५० रुपयांवर. चाचणी तीच आणि यंत्रंही तीच होती.

प्रश्न पैशांचा होता, तसा ते कुणी भरायचे याचाही होता. प्रवासाच्या बाबतीत त्याचं उत्तर पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं: प्रवाशानं. २०२० साली गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांना आधी चौदा दिवस विलगीकरण सांगितलं गेलं, ओरड झाल्यावर ते दहा दिवसांवर आलं, आणि उशिरा निघणाऱ्यांकडे चाचणीचा अहवाल मागितला गेला. त्या नोव्हेंबरात महाराष्ट्रानं दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून येणाऱ्यांना निगेटिव्ह अहवाल सक्तीचा केला. मग पुढच्या फेब्रुवारीत कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना तोच न्याय लावला. कागलहून निपाणीला जायला फारसा वेळ लागत नाही. पण कोगनोळीच्या नाक्यावर अहवाल ७२ तासांच्या आतला हवा होता. लेकीच्या बाळंतपणाला जाणारी आई असो की बाजाराला माल नेणारा टेम्पोवाला, कागद नसेल तर गाडी मागे वळायची. मे २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या आदेशानं गोव्याच्या वेशीवरही निगेटिव्ह अहवाल लागू झाला. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग इथून कामासाठी गोव्यात रोज ये-जा करणारी माणसं कमी नाहीत. त्यांच्यासाठी ७२ तासांची अट म्हणजे दर तीन दिवसांनी नवा खर्च आणि बुडालेली हजेरी.

इथे घरच्या किटचा काहीच उपयोग नव्हता. नाक्यावर प्रयोगशाळेचा शिक्का लागायचा; स्वयंपाकघरातल्या टेबलावर उमटलेली एक रेघ पोलिसाला कशी दाखवणार? खुद्द आयसीएमआरनंही हे किट लक्षणं असलेल्यांसाठी आणि बाधितांच्या थेट संपर्कातल्यांसाठीच आहे, उगाच सरसकट वापरू नये, असं बजावलं होतं. जानेवारी २०२२मध्ये त्याच आयसीएमआरनं राज्याराज्यांत प्रवास करणाऱ्यांची चाचणी गरजेची नाही असं स्पष्ट केलं, तरी काही नाक्यांवर कागदांची मागणी चालूच राहिली. त्याच महिन्यात मुंबई महापालिकेनं किटच्या विक्रीचा हिशेब ठेवायला सांगितलं. कारण घरी पॉझिटिव्ह येऊन गप्प बसणाऱ्यांची संख्या वाढत होती. काळजी रास्त होती. पण गप्प बसणारा का गप्प बसतो, हे विचारायला हवं होतं. हातावर पोट असलेल्या माणसाला पॉझिटिव्ह म्हणजे आठवड्याची कमाई बुडणं. किटचे पैसे त्यानंच द्यायचे, बुडालेली मजुरी त्यानंच सोसायची आणि वर नावही नोंदवायचं. असा व्यवहार कोण खुशीनं करेल?

याच काळात ब्रिटनमध्ये झटपट चाचणीची किट लोकांना फुकट मिळत होती. इंग्लंडमध्ये ती सरसकट सोय १ एप्रिल २०२२ला थांबली. अमेरिकेत जानेवारी २०२२पासून टपाल खात्यामार्फत घरटी चार किट पाठवण्यात आली आणि खासगी विमा कंपन्यांना माणशी महिन्याला आठ किटचा खर्च उचलावा लागला. तो नियम मे २०२३पर्यंत टिकला. घरटी चार हा हिशेब दोघांच्या घराला ठीक. एका छपराखाली आठ जण राहत असतील तर तो कोलमडतोच. तरीही चाचणी ही नागरिकाची खासगी चैन नसून सगळ्यांच्या सोयीची गोष्ट आहे, एवढं त्यात मान्य केलेलं होतं. भारताला तेवढा खर्च झेपला नसता, हा युक्तिवाद किटच्या बाबतीत मान्य करता येईल. मास्कच्या बाबतीत मात्र तो टिकत नाही.

केंद्रानं १३ मार्च २०२०ला मास्क जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घातले आणि आठवडाभरात तीन पदरी मास्कची किंमत दहा रुपयांवर बांधली. ऑक्टोबर २०२०मध्ये महाराष्ट्र याच्याही पुढे गेला: एन-९५ मास्क प्रकारानुसार १९ ते ४९ रुपये, साधे दोन आणि तीन पदरी मास्क तीन-चार रुपये. २०२१मध्ये जनऔषधी केंद्रांतून एन-९५ मास्क २५ रुपयांना विकला गेला. एका कटिंग चहाच्या दुप्पट-तिप्पट किमतीत बरीच चांगली संरक्षक वस्तू देता येते, हे सरकारनंच सिद्ध केलं. पण त्याच वेळी मास्कशी सामान्य माणसाचा संबंध आला तो दंडाच्या पावतीतून. मुंबईत विनामास्क फिरणाऱ्याला दोनशे रुपये दंड होता. काही महिन्यांनी पालिकेनं दंड भरणाऱ्याला एक मास्क फुकट द्यायला सुरुवात केली. हा बहुधा शहरातला सर्वांत महाग फुकट मास्क असावा! तो मास्क स्टेशनच्या दारातच आधी हातात ठेवला असता तर पावती फाडायची वेळ किती जणांवर आली असती? गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, २ एप्रिल २०२२ला, सक्ती उठली. नोव्हेंबर २०२२मध्ये विमानातलीही उठली. सक्तीबरोबर वस्तूही गेली, कारण ती लोकांनी आपली म्हणून स्वीकारलीच नव्हती.

खरं तर उपयोग कळला तर माणूस सक्तीशिवायही वापरतो. एन-९५च्या आतल्या पदराला स्थिर विद्युतभार दिलेला असतो. टेनेसी विद्यापीठातले पीटर त्साय यांनी विकसित केलेलं ते तंत्र. बारीक कण नुसते अडत नाहीत, ओढले जाऊन चिकटतात. म्हणूनच हा मास्क साबणानं धुतला की त्याचा जीव जातो, आणि आपल्याकडे तर तो ओढणीबरोबर दोरीवर वाळत पडलेला असायचा. कागदी पाकिटात दोन-तीन दिवस ठेवून आलटून पालटून वापरला तर तोच मास्क बरेच प्रवास चालतो, आणि खर्चही आपोआप खाली येतो. पुढे झडप असलेला मास्क मात्र घेऊ नये. तो घालणाऱ्याला वाचवतो, शेजाऱ्याला नाही. खोक्यावर आयएस ९४७३ हे भारतीय मानक आणि आयएसआयचं चिन्ह बघावं. दाढी दाट असेल तर कडेनं हवा शिरणारच.

तो कधी घालावा, यातही डोकं लावण्याजोगं बरंच आहे. लाल एसटीच्या खिडक्या उघड्या असतील तर वारा फुकटात काम करतो. वातानुकूलित स्लीपर गाडीत किंवा शिवनेरीत तीच हवा फिरत राहते. तिथे मास्क हवा. विमान आकाशात असताना केबिनमधली हवा गाळण्यांतून सतत बदलत असते, पण धावपट्टीवर ताटकळताना आणि चढण्या-उतरण्याच्या रेटारेटीत तसा भरवसा नसतो. आणि आकाशातही गाळणी सगळं निभावून नेत नाही. मार्च २०२०च्या सुरुवातीला लंडनहून हनोईला गेलेल्या विमानात बिझनेस क्लासमधली एक प्रवासी आजारी होती. तपासाअंती तिच्यापासून १५ जणांना लागण झाल्याचं आढळलं, त्यातले १२ त्याच वर्गातले होते. तेव्हा विमानात मास्कची सक्ती नव्हती. रेल्वेच्या डब्यात धोक्याची घटका जेवणाची: पुऱ्या-भाजीचे डबे उघडले की सगळा डबा एकदमच मास्क काढतो. पाऊण तास उशिरा जेवणाऱ्याचं काही बिघडत नाही.

किटचंही तसंच. प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्री उत्साहानं चाचणी करून निर्धास्त होण्यात फारसं हशील नाही. शरीरातल्या विषाणूचं प्रमाण वाढेपर्यंत रेघ उमटत नाही. घसा खवखवतोय, अंग मोडून आलंय आणि चार दिवसांनी ऐंशीच्या आजीकडे जायचंय, तेव्हा किट कामाचं. निगेटिव्ह आलं तरी ४८ तासांनी पुन्हा बघावं. अमेरिकी औषध प्रशासनानं ऑगस्ट २०२२पासून हाच सल्ला दिला आहे. अशा वेळी जायचंच नाही, हा पर्याय सर्वांत स्वस्त. निकालाची रेघ फिकी असली तरी ती रेघच. अर्ध्या तासानं उमटलेली रेघ मात्र धरायची नाही. आणि किट तीस अंशांपर्यंतच्या तापमानात ठेवायचं असतं. मे महिन्यात विदर्भात उभ्या असलेल्या मोटारीत ते दिवसभर राहिलं तर अडीचशे रुपये गेलेच म्हणायचे.

२०२५च्या मे-जूनमध्ये रुग्ण पुन्हा वाढले, देशात उपचाराधीन रुग्णांची संख्या सात हजारांच्या वर गेली, आणि वृद्धांनी गर्दीत मास्क लावावा असे सल्ले पुन्हा झळकले. सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. मार्च २०२३पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. दोन्ही निर्णय चांगलेच. आजारी बहिणीला भेटायला, देवाला, तपासणीसाठी तालुक्याला जाणं त्यामुळे जमू लागलं. पण त्यातून राज्यानं आपल्या सर्वांत नाजूक फुफ्फुसांच्या नागरिकांना सर्वांत गच्च भरलेल्या गाड्यांत बसवलं, हेही खरं. तिकीट माफ करणाऱ्या सरकारला मास्कचे पंचवीस-तीस रुपये जड का व्हावेत?

नमुना शोधायला लांब जायला नको. ऑगस्ट २०१९पासून जनऔषधी केंद्रांत ‘सुविधा’ सॅनिटरी पॅड एका रुपयाला मिळतो. तसाच मानकाचा एन-९५ एसटी स्थानकांवर आणि मोठ्या रेल्वे स्थानकांवर पाच-दहा रुपयांत ठेवता येईल, आणि ७५ पार केलेल्यांना चौकशी खिडकीवर फुकट. किट सगळ्यांना नको. मधुमेही, डायलिसिसवरचे, कर्करोगाचे उपचार घेणारे आणि त्यांच्या घरचे, एवढ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रातून दोन-दोन द्यावीत.

लोक घेतील आणि खिशात ठेवून देतील, असा आक्षेप येईलच. काही जण ठेवतीलही. मास्क फक्त कोविडपुरता नाही. तो फ्लूला, क्षयाला आणि हिवाळ्यातल्या धुळीलाही उपयोगी पडतो. वारीत, दिवाळीच्या जादा गाड्यांत आणि २०२७च्या नाशिक सिंहस्थात त्याची गरज लागेल, तेव्हा ऐन वेळी निविदा काढण्यात शहाणपण नाही. हा खर्च एसटी महामंडळाच्या माथी मारू नये, एवढं मात्र पथ्य पाळायला हवं. तिकिटाच्या सवलतीची रक्कम राज्य महामंडळाला भरून देतं, तशी ही आरोग्य खात्यानं आपल्या अंदाजपत्रकातून द्यावी, आणि २०२०च्या मास्कच्या दरपत्रकात आजचे भाव घालून ते पुन्हा लागू करावं.