कोल्ह्याच्या स्नायूत दडलेला जंत

रानात रोग फिरतोय की नाही, हे ओळखायचं कसं? युरोपातल्या पशुवैद्यांनी यावर साधी वाट काढली आहे. कोल्हा किंवा लांडगा मेलेला सापडला, की त्याच्या पुढच्या पायाचा किंवा जिभेचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे शोध घेतात तो ट्रिकिनेला या जंताचा.

हा जंत मांसातून मांसात जातो. खाल्लेल्या मांसातली अळी पोटात मोकळी होते आणि आतड्यात वाढते. तिची पिल्लं रक्तावाटे स्नायूत जाऊन बसतात आणि तिथे वर्षानुवर्षे जिवंत राहतात. त्यामुळे नुसती विष्ठा तपासून त्याचा भरवशाचा पत्ता लागत नाही. उंदीर मांजर खातं, मेलेलं मांजर डुक्कर खातं आणि डुक्कर माणूस खातो. शिकारी प्राणी तर जन्मभर दुसऱ्यांच्या मांसावरच जगतो. म्हणून रानात जंत थोडा असला तरी त्याच्या अंगात सापडण्याची शक्यता जास्त.

माणसाला लागण झाली की आधी पोट बिघडतं. मग ताप येतो, डोळ्यांभोवती सूज येते, अंग ठणकतं. लागण भारी असेल तर जीवही जातो. जर्मनीतल्या हेडर्सलेबेन गावात १८६५ साली कच्चं डुकराचं मांस खाऊन ३३७ जण आजारी पडले आणि १०१ दगावले. तिकडे मांस तपासणीचे कायदे कडक झाले ते अशा साथींमुळेच.

हा जंत डोळ्यांना दिसत नाही. अळी जेमतेम १ मिलिमीटर लांब, तीही वेटोळं घालून बसलेली. म्हशीच्या अन्ननळीवर तांदळासारखे दाणे दिसतात, ते सार्कोसिस्टिस या निराळ्या परजीवीचे. दाणे नाहीत म्हणजे मांस निर्धोक, असं समजू नये.

पूर्वी मांसाचे बारीक काप दोन काचांत दाबून सूक्ष्मदर्शकाखाली बघत. पण ट्रिकिनेलाच्या काही जाती स्नायूत कोश करत नाहीत, त्या या पद्धतीत नजरेतून सुटतात. आता मांस बारीक करून पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ४४ ते ४८ अंशांवर ढवळतात. थोडक्यात, पोटातली पचनक्रिया भांड्यात करायची. मांस विरघळतं आणि जिवंत अळ्या तळाशी बसतात. जात कोणती, हे एका अळीच्या जनुकीय चाचणीवरूनही कळतं. अट एकच, तुकडा बर्फात ठेवून पाठवावा. फॉर्मेलिनमध्ये टाकला तर मांस कडक होतं आणि ही तपासणी होत नाही.

हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय त्याचं? असं म्हणून चालणार नाही. १९४२ साली कलकत्त्यात एका मांजरात हा जंत सापडला होता. पुढे उत्तराखंडात सामुदायिक जेवणात अर्धकच्चं डुकराचं मांस खाऊन गावकरी आजारी पडले. त्याचा अहवाल २०१४ साली वैद्यकीय नियतकालिकात आला.

आपल्याकडे बिबट्या उसात येतो, रस्त्यावर गाडीखाली सापडतो, विहिरीत पडतो. मेला की वनखातं पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घेतं आणि शव जाळतं. त्याच वेळी जिभेचा आणि पुढच्या पायाचा थोडा स्नायू बर्फात घालून पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवला, तर खर्च फारसा नाही आणि रानाची खबर आयती मिळेल. वनखातं आणि पशुसंवर्धन खातं यांनी एकत्र बसून हा शिरस्ता पाडायला हवा.

गावाने काय करायचं? मेलेल्या वन्य प्राण्याला हात न लावता सरपंच, पोलीस पाटील यांच्यामार्फत वनरक्षकाला कळवावं. तुकडा काढायचं काम पशुवैद्यकाचं, आपलं नव्हे. मेलेली कुत्री, मांजरं, उंदीर उकिरड्यावर टाकू नयेत, खोल पुरावेत. डुकरं मोकाट सोडू नयेत. डुकराचं मांस, गावठी असो की रानटी, आतपर्यंत शिजलंच पाहिजे. आतलं तापमान ७१ अंशांपर्यंत गेलं की अळी मरते. खारवणं, वाळवणं किंवा धुरी देणं यावर विसंबू नये. आणि असं मांस खाल्ल्यावर ताप येऊन डोळे सुजले, तर काय खाल्लं ते डॉक्टरांना आधी सांगावं. निदान तिथूनच सुरू होतं.