शुद्ध गाईचे तूप आणि इंग्रजीचा पेपर

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी गाइडांत एक नियम हमखास सापडतो. वाक्य ‘आयएनजी’वाल्या शब्दाने सुरू झाले, की स्वल्पविरामानंतरचे नाम बघा. का बघायचे, ते कुठेच लिहिलेले नसते. क्लासचे सर म्हणतात, "पाठ करा, मार्क मिळतील." माझा राग आहे तो हा ‘का’ गाळण्यावर.

‘वॉकिंग ऑन द रोड, अ स्नेक बिट मी.’ हे वाक्य चूक, कारण यात रस्त्याने चालणारा साप ठरतो. वर्ग हसतो, सर पुढच्या प्रश्नाकडे वळतात. पण मराठी मुलाच्या हातून असे वाक्य उतरते कसे? ‘रस्त्याने चालताना मला साप चावला.’ बघा, मराठीत हे अगदी बिनचूक आहे! ‘चालताना’ कोण चालत होते ते वाक्याच्या कर्त्यानेच सांगावे अशी सक्ती मराठी करत नाही. ‘मला’ आहे ना, पुरे झाले. म्हणजे पोरगा आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळतो आणि आपण त्याला मठ्ठ ठरवतो. वर बँकेच्या परीक्षेत पाव गुण कापला जातो तो वेगळाच. ‘वॉकिंग ऑन द रोड, आय वॉज बिटन बाय अ स्नेक’ हे बरोबर का, ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

ते कळायला रसवंतीगृहाची पाटी पुरते. ‘ताजा उसाचा रस’ असे लिहिले तरी ताजा आहे तो रसच. ऊस ताजा असता तर ‘ताज्या उसाचा’ झाले असते. शब्द लांब बसला तरी त्याचे रूप त्याचे नाते सांगते. आता डेअरीची पाटी वाचा : ‘शुद्ध गाईचे तूप’. इथे शुद्ध कोण, गाय की तूप? ‘शुद्ध’चे रूपच बदलत नाही, त्यामुळे भिस्त सगळी जागेवर. इंग्रजीतली झाडून सारी विशेषणे या ‘शुद्ध’सारखी आहेत. (‘धिस’-‘दीज’ सोडा.) म्हणून तिथे जागेला एवढे महत्त्व. पाच मिनिटांचा धडा आहे हो, पण तो मराठीतूनच सांगावा लागतो.

‘ओन्ली’चेही तेच. मीच त्याला दहा रुपये दिले, मी त्यालाच दहा रुपये दिले, मी त्याला दहाच रुपये दिले. शाळेत न गेलेले पोरही हा ‘च’ चुकीच्या शब्दाला चिकटवत नाही. मग ‘ओन्ली’ कुठे ठेवायचा हे शिकवताना चार पर्यायांची भीती कशाला दाखवायची? (खुद्द इंग्रज माणूस बोलताना ‘आय ओन्ली गेव्ह हिम टेन रुपीज’ असे सर्रास म्हणतो आणि आवाजाच्या जोरावर निभावून नेतो. असो.)

इंग्रजीच्या तासाला मराठी विटाळ, ही समजूत २००० साली पहिलीपासून इंग्रजी आल्यावर जास्तच बोकाळली. तर्खडकर भाषांतरमाला हा तर चेष्टेचा विषय झाला. भाषांतर करत बसले की बोलताना अडखळायला होते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण वाक्यशुद्धीचा प्रश्न बोलण्याचा नाहीच मुळी. तो दोन वाक्ये शेजारी ठेवून फरक बघण्याचा आहे, आणि आपल्या मुलांकडे शेजारी ठेवायला एक अख्खी भाषा आहे. तीच काढून घ्यायची?

‘युक्ती शिकवतो, कारण परीक्षेत येते,’ असे क्लासवाले म्हणतील. परदेशी मॅनेजमेंट शिकायला जाणारी मुले देतात त्या जीमॅटमध्ये वर्षानुवर्षे असेच प्रश्न असत. २०२३ साली तिचा नवा अवतार आला आणि वाक्यशुद्धी त्यातून पार गेली. ज्यांनी नुसती युक्ती घोकली त्यांच्या हाती काय उरले? नोकरी लागल्यावर साहेबाला इंग्रजीत पत्र लिहायचे असते, तिथे कोणी चार पर्याय देत नाही.

गाइड छापणाऱ्यांनी त्या सापाच्या वाक्याखाली त्याचे मराठी वाक्य छापावे आणि दोन्ही भाषांत फरक कुठे पडला ते लिहावे. पान वाढणार नाही, फार तर दोन ओळी वाढतील.