हेडफोन बदलू नका, माइक लावा

"सर, बजेट चार हजार आहे. चांगला गेमिंग हेडसेट सांगा." ऑनलाइन क्लास सुरू करणारे, गेमिंगचं चॅनल काढणारे, घरून फोनवर ऑर्डर घेणारे, सगळे हाच प्रश्न घेऊन दुकानात येतात. मी उलटा प्रश्न विचारतो, आत्ता घरी हेडफोन आहे का? बहुतेकांकडे असतो, आणि ठणठणीत चालू असतो. मग नवा कशाला? तर त्याला माइक नाही, नाहीतर होता तो मोडला.

अहो, मग माइक घ्या ना!

माझं मत थोडं कडक आहे, पण ऐका. धंदा सुरू करताना हातात जे भांडवल असतं त्यातला रुपया जिथे कस्टमरला जाणवतो तिथे आधी जायला हवा. चमकणारे दिवे, खोक्यावरचं ७.१ सराउंडचं स्टिकर, हे तुमच्या कस्टमरला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. त्याला ऐकू येतो फक्त तुमचा आवाज. स्वस्त आणि मधल्या भावाच्या गेमिंग हेडसेटमध्ये सगळ्यात कमी खर्च बऱ्याचदा माइकवरच केलेला असतो. तुम्हाला मात्र ते कधी कळत नाही, कारण आपला आवाज आपण पलीकडून ऐकतच नाही.

हेडफोनला वरून जोडायचे माइक साधारण तीन प्रकारचे. पहिला चिकटवायचा. अँटलायन कंपनीचा मॉडमाइक यात प्रसिद्ध आहे. कानाच्या कपावर छोटी चकती चिकटवायची, माइकची दांडी तिला चुंबकाने बसते, नको तेव्हा काढून ठेवायची. दुसरा, ज्या हेडफोनची वायर निघते त्यांच्यासाठी. जुनी वायर काढायची आणि माइक असलेली वायर लावायची. व्ही-मोडाचा बूमप्रो हा त्यातला. पण हेडफोनच्या कपाला साडेतीन मिलिमीटरचं भोक असेल तरच तो बसतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एम५०एक्सला अडीच मिलिमीटरचं, फिरवून लॉक होणारं भोक आहे, तिथे हा सरळ लागत नाही. तिसरा म्हणजे आपला साधा कॉलर माइक, बोया बीवाय-एम१ सारखा. त्याची चिमटी हेडफोनच्या वायरला लावून काम भागवणारे खूप आहेत. चालतं, पण हा चारी बाजूंचं ऐकणारा माइक आहे. घरात मिक्सर चालू असेल, खाली रिक्षा उभी असेल, तर तेही ऑर्डरमध्ये येणार. शर्टाला घासला की खरखर वेगळीच.

पहिले दोन आमच्याकडे काउंटरवर येत नाहीत, ऑनलाइन मागवावे लागतात आणि भाव चढा असतो. पण त्याच पद्धतीचे साधे माइकही मिळतात. नावापेक्षा दोन गोष्टी बघा: तो कोणत्या दिशेचं ऐकतो, आणि त्याची पिन कोणती आहे.

दिशेचं सोपं आहे. खोली शांत असेल तर चारी बाजूंचं ऐकणारा घ्या, आवाज मोकळा येतो. गोंगाट असेल तर एका दिशेचा घ्या, खोक्यावर युनिडायरेक्शनल किंवा कार्डिऑइड लिहिलेलं असतं. इचलकरंजीत मागे यंत्रमाग खडखडत असताना ताई शिकवणी घेत असतील तर त्यांना दुसराच लागणार. मात्र त्याची ठरलेली बाजू तोंडाकडेच हवी. उलटा बसवला की आवाज मरतो, आणि लोक दुकानात येऊन माइक खराब आहे म्हणतात. दांडीच्या माइकचा खरा फायदा म्हणजे तो जवळ असतो. माइक आणि तोंडातलं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, खोलीचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. ओठाच्या कोपऱ्याशी, दोन बोटं लांब ठेवा. अगदी समोर नको, 'प' आणि 'फ'ला फुंकर बसते.

पिनेवर मात्र सगळे अडकतात, म्हणून सावकाश वाचा. माइकची पिन हातात घ्या आणि काळे पट्टे मोजा. तीन पट्टे असतील तर ती मोबाईलला आणि लॅपटॉपच्या एकाच भोकाला चालते. दोन पट्टे असतील तर ती कॉम्प्युटरच्या गुलाबी भोकासाठी आहे, मोबाईलला लावली तर मोबाईल तिला माइक म्हणून ओळखतच नाही. लॅपटॉपला एकच भोक आणि तुमच्याकडे हेडफोन वेगळा, माइक वेगळा, तर स्प्लिटर लागतो. इथेच गंमत होते. बाजारात दोन स्प्लिटर अगदी सारखे दिसतात. एक असतो दोघांनी एकत्र गाणी ऐकायचा, त्याच्या पिनेवर दोन पट्टे. आपल्याला हवा तीन पट्ट्यांचा, ज्याच्या एका टोकाला हेडफोनचं आणि दुसऱ्याला माइकचं चित्र असतं. पहिला घेऊन घरी गेलात तर रात्रभर सेटिंग शोधत बसाल.

जुन्या कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकात सूंऽऽ असा आवाज येत असेल तर माइक बदलू नका. छोटं यूएसबी साउंड कार्ड लावा, काहीशे रुपयांत काम होतं.

ब्लूटूथवाल्यांनो, तुमचं वेगळं आहे. ब्लूटूथ हेडफोनचा स्वतःचा माइक चालू केला की बहुतेक हेडफोन कॉलच्या मोडवर जातात आणि ऐकण्याचा दर्जाही पडतो. त्यापेक्षा ऐकायला ब्लूटूथ ठेवा, माइक वायरचा किंवा यूएसबीचा घ्या आणि सेटिंगमध्ये इनपुट बदला.

गेमिंग कॅफे काढायचा विचार असेल तर हे मुद्दाम लक्षात घ्या. पोरं हेडसेट उचलतात ती माइकची दांडी धरून. आधी मोडते तीच. दांडी हेडसेटलाच जोडलेली असेल तर एका दांडीपायी अख्खा नग गेला. माइक वेगळा असेल तर तेवढाच बदलता. दहा मशीनचा वर्षभराचा हिशोब मांडून बघा, मग ठरवा. चिकटवायच्या माइकमध्ये एक काळजी घ्या. कपावर तेलाचा, घामाचा थर असतो. स्पिरिटने पुसा, चकती दाबून बसवा आणि एक दिवस तिला हात लावू नका. घाईत चिकटवलेली चकती निघून येते आणि शिव्या दुकानदाराला.

नवीन हेडफोन उघडून आत माइक जोडून देणारे कारागीर आहेत. वॉरंटी असेपर्यंत त्यांच्याकडे जाऊ नका.

सगळ्यांनी असंच करावं असं माझं म्हणणं नाही. घरी हेडफोनच नसेल तर साधा वायरचा हेडसेट घ्या, सुटसुटीत पडतो. दोन वायरींचा गुंता कुणाला नकोसा होतो, तेही खरं. आणि कॅमेऱ्यासमोर बसून माल दाखवायचा असेल तर डोक्यावर हेडफोन कशाला, तिथे कॉलर माइकच बरा.

घ्यायला जाल तेव्हा आपला हेडफोन आणि मोबाईल किंवा लॅपटॉप सोबत न्या. दुकानात पंखा चालू असू दे, गिऱ्हाईकं बोलत असू देत. पैसे देण्याआधी तिथेच अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, कस्टमरला जे सांगता तेच बोला, आणि आपल्याच हेडफोनवर ऐका. दुकानदार करू देत नसेल तर शेजारच्या दुकानात जा.