‘थँक्यू, सिस्टर’ म्हणायचं राहून गेलं!

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. रात्रीचे साडेबारा वाजलेले, दुसऱ्या दिवशी एम-थ्रीचा पेपर, आणि आमच्या रूममध्ये अभ्यास सोडून बाकी सगळं चालू! मॅगी खाता खाता विषय शाळेवर आला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हटल्यावर एक मैत्रीण म्हणाली, “मग तुला बाटवलं नाही का गं त्या सिस्टरांनी?” सगळ्या हसल्या. खरं सांगू? मीसुद्धा हसले. त्या हसण्याची नंतर लाज वाटली, म्हणून हा लेख.

मी दोडामार्गची. एका बाजूला गोव्याची हद्द, दुसऱ्या बाजूला तिलारीचं खोरं, आणि २००२ पासून कर्नाटकातून उतरणारे हत्ती! मी चौथीत असताना हत्तींनी एका रात्रीत आमची केळीची बाग आडवी केली. त्या वर्षी फी थकली. बाबा मला घेऊन ऑफिसात गेले. मान खाली घालून म्हणाले, “सिस्टर, ह्या टायमाक जरा अडचण आसा.” सिस्टरांनी समोरचं रजिस्टर मिटलं आणि विचारलं, “घरची माणसं बरी आहेत ना? हत्ती घराजवळ तर येत नाहीत ना?” बस्स, एवढंच. फी न भरलेल्यांच्या यादीत माझं नाव वर्गात कधीच वाचलं गेलं नाही. बाबांनी पुढच्या वर्षी पै न् पै चुकती केली, पण ते रजिस्टर मिटणं आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही.

याच सिस्टर एकदा मुलींचं टॉयलेट तुंबलं तेव्हा साडी खोचून, बादली-खराटा घेऊन स्वतः आत शिरल्या होत्या. शिपाई रजेवर होता. आम्ही नाक दाबून बघत राहिलो. बाहेर आल्यावर त्यांनी कसलंही भाषण दिलं नाही. हात धुतले आणि गणिताचा तास घेतला! ‘श्रमाला कमी लेखू नये’ यावर मी दहावीपर्यंत पाच-सहा निबंध तरी लिहिले असतील. त्यातलं एक वाक्यही आठवत नाही. ती बादली मात्र आठवते.

आणि बाटवणं? चतुर्थीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिला प्रश्न असायचा, “नेवऱ्या कुठे आहेत?” त्या आवडीने खायच्या आणि आमच्या गणपतीची चौकशी करायच्या. मी आजही घरी गेले की देवापुढे दिवा लावते.

सगळंच गोड होतं असं नाही हं. मराठी बोललं की दंड पडायचा, आणि त्याचा राग मला अजून आहे. माझं मराठी कच्चं राहिलं ते त्यामुळेच. (हा लेख तीनदा तपासून घेतलाय!) गंमत म्हणजे, मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स शेजारच्या गोव्यात राहून मराठी शिकले आणि १६१६ साली त्यांचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, हे मला त्याच शाळेत आलेल्या एका पाहुण्या फादरांनी सांगितलं.

त्या रात्रीनंतर लायब्ररीतून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणली. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक पोरगेला मुलगा चमकला आणि ‘बालकवी’ झाला, हे आपण शाळेत शिकलो. पुढचं मला माहीत नव्हतं. ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखी माया लावली. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत. माया मात्र कमी झाली नाही! वाचताना मला आमच्या सिस्टर दिसत होत्या.

आता कुणी म्हणेल, “अगं, चांगली माणसं सगळ्या धर्मांत असतात. मग ‘ख्रिस्ती’ कशाला म्हणायचं?” मान्य! चांगुलपणाचा मक्ता कुणाकडेच नाही. माझी आजी कधी चर्चची पायरी चढली नाही, पण दारी आलेला तिच्याकडून उपाशी गेला नाही. ती वारकरी, गळ्यात माळ. तिच्याबद्दल बोलताना मी विठोबाला वगळत नाही. मग सिस्टरांबद्दल बोलताना येशूला का वगळू? घरदार सोडून कुठल्या कुठे येऊन, दुसऱ्यांच्या पोरांची शेंबडी नाकं त्या कुणासाठी पुसत होत्या, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांचा देव माझा नसेल, पण त्याच्यामुळे मला जे मिळालं ते माझं आहे. घेताना सगळं घ्यायचं आणि सांगताना नाव गाळायचं, याला कृतज्ञता म्हणत नाहीत, सोय म्हणतात.

सिस्टरांची बदली झाली त्या दिवशी मी क्लासला गेले होते. निरोपसुद्धा घेतला नाही. आता शाळेतून पत्ता मिळवून पत्र टाकलंय. हो, चक्क पोस्टाने! उत्तर येईल तेव्हा येईल.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही लहानपणी असं कुणीतरी असेलच. सिस्टर असतील, मौलवी असतील, नाहीतर गावच्या शाळेतले गुरुजी. त्यांना आजच सांगा, आणि त्यांच्यात ते बळ कुठून आलं तेही मोकळेपणाने बोला. आपल्या हॉस्टेलमध्येही दरवर्षी अठरा वर्षांची घाबरलेली पोरं येतात आणि आपल्याकडे बघत असतात, एवढं लक्षात ठेवा.

आणि हो, माझ्या रूममध्ये तो जोक पुन्हा झाला तर या वेळी मी हसणार नाही. बादलीची गोष्ट सांगेन.